बोगनवेलीच्या नावामागे

मराठीत काही शब्द असे मुरले आहेत की ते बाहेरून आले, हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘बोगनवेल’ हा त्यातला एक. कारल्याची वेल, दोडक्याची वेल, मधुमालतीची वेल, तशी ही बोगनची वेल. हा बोगन कोण, कुठला, असं आपण विचारत नाही. आमच्या सोलापुरात एका नर्सरीच्या पाटीवर तर मी ‘बोगन वेल’ असे दोन सुटे शब्द लिहिलेले पाहिले आहेत.

खरं म्हणजे या शब्दात वेल मुळात नव्हतीच. लुई आंत्वान द बूगँव्हिल नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी होऊन गेला. त्याच्या आडनावावरून या झाडाचं शास्त्रीय नाव पडलं आणि इंग्रजी तोंडातून ते आपल्याकडे ‘बोगनव्हिलिया’ होऊन आलं. आडनावातल्या ‘व्हिल’चा फ्रेंच अर्थ गाव किंवा शहर. मराठी कानाला मात्र तिथे ‘वेल’ ऐकू आली. समोर भिंतीवर वेलच चढलेली होती, तेव्हा कान तरी दुसरं काय ऐकणार? कुण्या माळ्यानं, कुण्या बंगल्यावरच्या मोलकरणीनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला असेल. शब्दकोशकारांना हे जमलं नसतं.

आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज गव्हर्नरचं आपण असंच केलं. ‘आफोन्सो’चा ‘आल्फान्सो’ आणि त्याचा ‘हापूस’ झाला. माणूस गेला, आंबा राहिला. हिंदीवाले ‘बोगनबेलिया’ म्हणतात, म्हणजे त्यांनाही त्यात ‘बेल’ ऐकू आली, पण शेपटी तशीच ठेवली. बंगालीत या वेलीला ‘बागानबिलास’ म्हणतात. बागेचा विलास! हे नाव रवींद्रनाथांनी दिलं असं बंगाली माणूस अभिमानानं सांगतो. आपल्याकडे हे काम बिननावाच्या माणसांनी केलं.

पण मला आज ज्या बिननावाच्या माणसाबद्दल बोलायचं आहे, ती व्यक्ती माळी नव्हे. ती एक शेतमजुराची मुलगी होती आणि तिची गोष्ट या वेलीच्या नावामागे दडलेली आहे.

आधी बूगँव्हिलची थोडी ओळख करून घेऊ. जन्म १७२९चा. माणूस हुशार. तरुणपणी गणितावर पुस्तक लिहिलं, मग सैन्यात गेला. कॅनडात इंग्रजांशी लढला आणि १७५९ साली क्वेबेक हातचं गेलं तो पराभवही त्यानं पाहिला. पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर त्यानं फ्रेंच वसाहत उभी केली, तर राजानं ती स्पेनला देऊन टाकायला सांगितली. ती १७६७ साली रीतसर ताब्यात देऊन त्यानं पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असं ठरलं. सोबत दोन जहाजं होती. एकाचं नाव ‘ला बूदझ’, दुसऱ्याचं ‘लेत्वाल’. लेत्वाल म्हणजे तारका आणि बूदझ म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, रुसूबाई. नावं अशी बायकांची, आणि फ्रेंच आरमाराचा नियम काय, तर जहाजावर बाईला मज्जाव!

मोहिमेबरोबर वनस्पती गोळा करायला फिलिबेर कॉमेर्सों नावाचा डॉक्टर नेमला होता. झाडापाल्याचं त्याला वेड होतं. १७६२ साली त्याची बायको वारली. त्यानंतर घर सांभाळायला झान बारे ही बाई त्याच्याकडे होती. बर्गंडीतल्या एका खेड्यात १७४० साली, हातावर पोट असलेल्या घरात तिचा जन्म झाला होता. दोघं पुढे पॅरिसला गेली. ती घरकाम करी, त्याच्या आजारपणात शुश्रूषा करी आणि त्याची वनस्पतींची कामंही बघे. तिच्यावर संशोधन करणाऱ्या काही अभ्यासकांचं म्हणणं असं की, मुळात तीच गावाकडची झाडपाल्याची जाणकार होती आणि ज्ञानाची देवघेव दोन्हीकडून चालत होती. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र ते अशक्य वाटत नाही. आपल्याकडेही खोकल्याला काय उगाळायचं आणि सुजेवर काय बांधायचं हे बायकांनाच ठाऊक असतं. पुस्तकात ते वैद्याच्या नावावर येतं.

कॉमेर्सोंला मोहिमेवर एक नोकर सरकारी खर्चानं नेता येणार होता. जहाज सुटायच्या वेळी ‘झाँ बारे’ नावाचा एक तरुण नोकर म्हणून हजर झाला. फ्रेंचमध्ये ‘झान’ हे बाईचं नाव आणि ‘झाँ’ हे पुरुषाचं. एका अनुनासिकाचा फरक! छातीला घट्ट पट्टे बांधून, सैल कपडे घालून ती १७६७च्या सुरुवातीला लेत्वालवर चढली. कॉमेर्सोंकडे सामान फार, म्हणून कप्तानानं आपली मोठी खोली त्याला देऊन टाकली. तिला स्वतंत्र न्हाणीची सोय होती. तिचं गुपित टिकलं ते बरंचसं या खोलीमुळे. नाही तर शंभरावर माणसं कोंबलेल्या जहाजावर आडोसा कुठला मिळायला?

त्या वर्षी जूनमध्ये दोन्ही जहाजं ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात एकत्र आली. तिथं पोर्तुगीज व्हाइसरॉयशी कुरबुरी सुरू होत्या, लेत्वालच्या पाद्र्याचा गावात खून झाला होता, वातावरण गढूळ होतं. कॉमेर्सोंच्या पायाला जुनी चिघळलेली जखम होती, ती भरून येईना. तरी रिओच्या आसपासच्या रानातून झाडांचे नमुने गोळा झाले. त्यात एक काटेरी, झगझगीत जांभळ्या-गुलाबी रंगाची वेल होती. तीच आपली बोगनवेल.

आता पाय अधू असलेल्या माणसानं ती चढणीवरून खाली आणली की पाठीवर वनस्पती दाबायच्या फळ्या, बंदूक आणि शिधा घेऊन हिंडणाऱ्या त्याच्या ‘नोकरानं’ आणली? नोंदवहीत नोकराचं नाव लिहायची पद्धत नव्हती. पण पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, बर्फाच्या डोंगरांतून ती कशी ओझी वाहून नेत होती, हे खुद्द बूगँव्हिलनं लिहून ठेवलं आहे. कॉमेर्सों तिला कौतुकानं ‘माझं ओझ्याचं जनावर’ म्हणायचा. कौतुकाचेही प्रकार असतात.

तिचं बिंग ताहिती बेटावर फुटलं, असं बूगँव्हिल सांगतो. १७६८चा एप्रिल महिना होता. फ्रेंच खलाशांना वर्षभर जे कळलं नव्हतं ते ताहितीच्या लोकांनी ती किनाऱ्यावर पाय ठेवताक्षणी ओळखलं. जहाजावरच्या दुसऱ्या रोजनिश्यांत मात्र वेगळी हकीकत आहे. ती नंतरची, दुसऱ्या बेटावरची आणि बरीच कडू आहे. कप्तानानं आपल्या पुस्तकात सभ्य आवृत्ती छापली असावी. त्याच्यापुढे रडत तिनं सांगितलं की, मी अनाथ आहे, कोर्टकज्ज्यात सगळं गेलं म्हणून पुरुषी वेश घेतला. मालकाला काहीच माहीत नव्हतं, आणि ही सफर पृथ्वीभोवतीची आहे हे कळल्यावर कुतूहल वाटलं म्हणून आले. मालकाला काहीच माहीत नव्हतं, हे अर्थातच मालकाला वाचवायला. पण कुतूहलाचं मला खरं वाटतं. अशा वेळी कुतूहलाचं कारण सांगणं कुणाला सुचेल? ज्याला ते होतं त्यालाच. बूगँव्हिलनं तिला शिक्षा केली नाही, उलट तिच्या धैर्याबद्दल चांगलं लिहिलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजं मॉरिशसला लागली. तेव्हा ते फ्रेंचांचं बेट होतं. कॉमेर्सों आणि बारे तिथेच उतरले आणि जहाजं १७६९ साली त्यांच्याशिवाय फ्रान्सला पोचली. नियम मोडलेली बाई जहाजावर नको, ही अडचण त्यामुळे आपोआप सुटली. कॉमेर्सों मॉरिशसमध्येच मार्च १७७३ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूची बातमी पॅरिसला पोचण्याआधी तिथल्या विज्ञान अकादमीनं त्याला सदस्य निवडलं होतं. बारे मागे उरली, परक्या बेटावर. तिनं पोर्ट लुईमध्ये मद्यालय चालवलं, १७७४ साली एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर मायदेशी परतली. १७७५च्या सुमारास तिनं फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला तेव्हा पृथ्वीला पूर्ण वळसा घालणारी ती पहिली ज्ञात स्त्री ठरली. बंदरावर स्वागताला कुणी नव्हतं. दहा वर्षांनी, १७८५ साली, आरमार खात्यानं तिला सालीना २०० लिव्र पेन्शन मंजूर केली. ज्या खात्याचा नियम तिनं मोडला, त्याच खात्यानं! १८०७ साली ती वारली.

नमुन्यांच्या पेट्या पॅरिसला पोचल्या होत्या. हजारो वाळलेल्या वनस्पती त्यांत होत्या. त्यांतली ही वेल आंत्वान लोराँ द झ्युसिय या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८९ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, कॉमेर्सोंनं योजलेल्या नावानं आपल्या ग्रंथात छापली. पण हिज्जे चुकवले! ‘बूगँव्हिल’मधली अक्षरं गाळून ‘बुगिनव्हिलिया’ असं काहीसं छापलं गेलं. ते हिज्जे शास्त्रज्ञांच्या यादीत अधिकृतपणे दुरुस्त व्हायला १९३०चं दशक उजाडलं. तेव्हा आमच्या नर्सरीवाल्याला ‘बोगन वेल’ लिहिल्याबद्दल मी तरी हसत नाही.

बारेच्या नावानंही कॉमेर्सोंनं एका झाडाचं नाव ठरवलं होतं, ‘बारेशिया’. एकाच फांदीवर निरनिराळ्या आकाराची पानं असलेलं ते झाड होतं. पुरुषाच्या वेशातल्या बाईला ते शोभेल, असा त्याचा विचार. पण ते झाड पुढे दुसऱ्याच वंशात गेलं आणि ते नाव टिकलं नाही.

आता ही वेल आपल्या अंगणात कशी आली ते बघू. रिओ हे पोर्तुगीजांचं शहर, गोवाही पोर्तुगीजांचा. ब्राझीलचा काजू, अननस याच वाटेनं गोव्यात उतरले. मग बोगनवेलही तशीच आली असेल, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. काजू आला तो खायला. बोगनवेलीला ना फळ, ना वास, ना औषध म्हणून कीर्ती. तिला कोण गलबतावर घेणार? ती आधी वाळलेल्या काडीच्या रूपात पॅरिसच्या कपाटात गेली. मग एकोणिसाव्या शतकात तिची जिवंत रोपं युरोपातल्या काचघरांत वाढली आणि तिथून वसाहतींच्या बागांत पसरली. भारतात ती १८६० साली आली, असं बागायतीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आधी बंगल्यांच्या आवारात, मग कँटोन्मेंटच्या रस्त्यांवर, मग रेल्वे स्टेशनांवर.

आमच्या सोलापुरात रेल्वे आली तीही १८६० सालीच. माझे अब्बा रेल्वेत फिटर होते, म्हणून माझं लहानपण रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तिथं पाण्याची बोंब असायची. उन्हाळ्यात गुलाब मान टाकायचे, मोगरा करपायचा आणि कुंपणावरची बोगनवेल मात्र एप्रिलच्या उन्हात पेटल्यासारखी फुलायची. रेल्वेचे एक माळी होते, आम्ही त्यांना माळीमामा म्हणायचो. अम्मीनं एकदा कौतुकानं आमच्या वेलीला रोज बादलीभर पाणी घालायला सुरुवात केली. वेल हिरवीगार झाली, कौलांपर्यंत गेली, पण फूल एक नाही. माळीमामा म्हणाले, “भाभी, लाड बंद करा. डाळिंबाला देतात तसा हिला ताण द्या.” सोलापूरकडच्या माणसाला हे लगेच कळतं. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी बाग ताणावर सोडावी लागते. बोगनवेलीचं तेच. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ लागली की मगच द्यायचं. आपण संपतो की काय असं झाडाला वाटलं की ते फुलावर येतं. कवींचंही असंच असतं म्हणतात, पण ती समजूत कवींचं मानधन ठरवणाऱ्यांनी पसरवली असावी.

बाकी तिची मागणी फार नाही. दिवसभर कडक ऊन हवं, सावलीत ती नुसती पानं काढते. पाणी साचणारी जमीन चालत नाही. नवं रोप करायचं तर पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची जून काडी घ्यावी, खालचं टोक डोळ्याच्या जवळ तिरकं कापावं आणि रेतीमिश्रित मातीत खोचून सावलीला ठेवावी. काड्या चार-पाच लावाव्यात, एखादी दगा देतेच. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. लगेच पालवी दिसली म्हणून उपटून पाहू नये, पालवी काडीतल्या साठ्यावरही येते. मुळं नाजूक, म्हणून कुंडीतून जमिनीत लावताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. बहर ओसरला की छाटणी करायची, कारण फुलं नव्या फांदीवर येतात. आणि हातमोजे घालायचे. काटे वाकडे असतात, ओढलं की आत रुततात.

आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नव्हे, हे बऱ्याच जणांना शाळेत शिकवलेलं असतं. ते रंगीत, कागदासारखं दिसतं ते सहपत्र, म्हणजे फुलाजवळचं पान. तशी तीन सहपत्रं एकत्र, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेलं नळीसारखं, टाचणीच्या डोक्याएवढ्या तोंडाचं पांढरट फूल. भिंग घेऊन बघा, फार देखणं असतं. त्या सहपत्रांचा रंगही गुलाब-जास्वंदीच्या रंगांहून रसायनानं वेगळा आहे. बीट चिरताना हाताला लागतो ना, त्या जातीचा तो रंग. आणि कुळ म्हणाल तर गुलबक्षीचं. संध्याकाळी उमलणारी आपली गुलबक्षी हिची चुलतबहीण, तीही अमेरिकेहून आलेली. याच कुळातली तिसरी म्हणजे रस्त्याकडेला पसरणारी, वैद्य लोक जिला पुनर्नवा म्हणतात आणि खेड्यात जिची भाजी करतात ती घेटुळी. बोगनवेल इथं उतरली तेव्हा तिचं एक नातलग आधीच इथल्या मातीत वस्तीला होतं म्हणायचं.

आम्हा कवींनी मात्र या वेलीला न्याय दिला नाही. उर्दूत ‘कागझी फूल’ ही जवळजवळ शिवी आहे. ज्याला रंग आहे पण गंध नाही, असा दिखाऊ माणूस म्हणजे कागझी फूल. मराठीतही मोगरा, जाई, प्राजक्त, बकुळ यांच्यावर कवितांचे ढीग आहेत. बोगनवेल गजऱ्यात जात नाही, देवाला वाहत नाहीत, दर्ग्याच्या फुलांच्या चादरीत ती नसते. मात्र देवळाच्या कमानीवर, दर्ग्याच्या भिंतीवर आणि चर्चच्या फाटकावर तीच असते. वास नसल्यामुळे आत प्रवेश नाही आणि काटे असल्यामुळे दारावर पहारा, अशी तिची नेमणूक आहे.

ती परदेशी आहे, असाही तिच्यावर आक्षेप घेतात. देशी झाडं लावा, ही हाक मला पटते. माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या गवताळ माळावर परदेशीच काय, कुठलीच झाडं कोंबायची गरज नाही. माळ हा माळच राहावा. सह्याद्रीच्या उतारावरही बोगनवेलीचं काम नाही. पण बंगल्याच्या फाटकावर आणि महामार्गाच्या दुभाजकावर जिथं दुसरं काही जगत नाही तिथं दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी असलेली वेल ‘परकी’ कशी, हे मला कळत नाही. बोगनवेलीचं बी आपल्याकडे सहसा धरत नाही, त्यामुळे ती घाणेरीसारखी रानात शिरून जागा बळकावत नाही. लावाल तिथंच राहते. माझं नाव ऐकल्यावर “तुम्ही मराठी छान बोलता हं!” असं म्हणणारे कविसंमेलनांत मला अजून भेटतात. मी आभार मानतो. दुसरं काय करणार? घरात आम्ही दखनी बोलायचो हे खरं, पण अम्मी जात्यावर बसली की तिच्या तोंडी ओव्या मराठीच यायच्या. तेव्हा ‘बोगन’ला ‘वेल’ करून घेणाऱ्या त्या माळ्याबद्दल मला आपुलकी वाटते ती उगाच नाही.

बी नाही म्हणजे वंश काडीवर चालतो. याचा अर्थ जरा थांबून लक्षात घेण्यासारखा आहे. १९१०च्या सुमारास मिसेस बट नावाच्या बाईंना कोलंबियातल्या कार्टाहेना गावी एका बागेत किरमिजी रंगाची वेल दिसली. त्यांनी तिची काडी त्रिनिदादला नेली. तिथून ती जगभर गेली आणि १९२३ साली भारतात आली. आज तुमच्या दारात ‘मिसेस बट’ वाण असेल तर ती त्या वेलीची पणती नव्हे, ती तीच वेल आहे. एका काडीची दुसरी काडी, तिची तिसरी, असं एकच शरीर शंभरावर वर्षं हातोहात चालत आलेलं आहे. आणि मधले हात कुणाचे, याची नोंद कुठेच नाही.

भारतात आल्यावर या वेलीनं नवे रंग काढले. कधी एखादी फांदी आपोआपच वेगळ्या रंगाची निघते. कोलकात्याच्या बागेत १९४९ साली अशाच एका फांदीवरून ‘मेरी पामर’ हा वाण मिळाला. त्याच्या एकाच झुपक्यात पांढरी आणि गुलाबी सहपत्रं येतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांचा मारा करून नवे वाण केले गेले. आणि जगात कुठेही बोगनवेलीचा नवा वाण निघाला तर त्याच्या नावाची नोंद करण्याची अधिकृत जागा दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. रिओची वेल, फ्रेंच नाव आणि जन्मदाखला दिल्लीचा!

या वाणांची नावं वाचताना मी रमतो. त्यात दोन नावं लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं दिलेली आहेत, ‘वाजिद अली शाह’ आणि ‘बेगम सिकंदर’. ती उगाच दिलेली नाहीत. ही संस्था ज्या सिकंदर बागेत उभी आहे, ती बाग अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह यानं बांधली आणि आपल्या सिकंदर महल या बेगमेचं नाव तिला दिलं. ठुमरीत रमणारा हा नवाब. त्याचं राज्य कंपनीनं १८५६ साली खालसा केलं. पुढच्या नोव्हेंबरात, १८५७च्या उठावात, याच बागेच्या चार भिंतींत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले.

त्या दिवशीची एक हकीकत फोर्ब्स-मिचेल नावाच्या इंग्रज फौजेतल्या सैनिकानं आठवणींत लिहिली आहे. लढाई संपत आली तरी बागेतल्या एका पिंपळाखाली इंग्रजांचे सैनिक गोळी लागून पडत होते. वरून कुणीतरी नेम धरत होतं. झाडावर गोळी झाडली तेव्हा लाल जाकीट आणि गुलाबी रेशमी विजार घातलेला एक देह खाली आला. जवळ जाऊन पाहतात तो ती बाई. लखनौकर तिला ऊदादेवी म्हणून ओळखतात. ती पासी समाजातली, म्हणजे तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या लोकांतली. आज सिकंदर बागेत तिचा पुतळा आहे. नवाबाच्या आणि बेगमेच्या नावाच्या वेली त्याच बागेतल्या संस्थेनं काढल्या, हे वाचलं तेव्हा मला दोन्ही बायका शेजारी शेजारी दिसल्या. एक रिओच्या डोंगरात आणि एक लखनौच्या पिंपळावर, दोघींना लोकांनी आधी पुरुष समजलेलं.

ऊदादेवीचा पुतळा झाला. झान बारेला फार उशिरा का होईना, वनस्पतिशास्त्रातलं तिचं नाव परत मिळालं. दक्षिण इक्वेडोर आणि उत्तर पेरूच्या डोंगराळ भागात बटाट्या-वांग्याच्या वंशातली एक नवी जात सापडली, तिला २०१२ साली तीन अभ्यासकांनी ‘सोलॅनम बारेटिआय’ असं नाव दिलं. तिच्याही एकाच झाडावर वेगवेगळ्या आकाराची पानं येतात. फुलं कुठे जांभळी, कुठे पिवळी, कुठे पांढरी. आणि तीही वेलच आहे.